टेकडीवर बोलणारा शब्दकोश

"पुन्हा तेच! 'इंटरनेट जोडा'!" ठिणगीने टॅब टेबलावर आपटला.

सुट्टीत ती, तिचा भाऊ चष्मिस आणि धाकटं शेपूट मावशीकडे आले होते. मावशी डोंगरातल्या दवाखान्यात डॉक्टर. समोर परप्रांतातली एक मजूर बाई उभी होती. कडेवरचं पोर उलट्यांनी पार मलूल झालं होतं. मावशीचा हात घट्ट धरून ती एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत होती. तिची भाषा कुणालाच येईना.

"पोराने काय खाल्लंय ते कळायला हवं गं!" मावशी हवालदिल झाली.

टॅबवर मात्र, ते दवाखान्यांना पुरवणाऱ्या साहेबांनी चिकटवलेली ठसठशीत चिठ्ठी होती : 'इंटरनेटशिवाय चालणारा शब्दकोश'!

"खोटारडे!" ठिणगी टॅब घेऊन धावत सुटली. टेकडीवर रेंज येते, हे तिला ठाऊक होतं. तो शब्द विसरू नये म्हणून तिघं ओरडतच चढली. वर पोचताच चष्मिसने तो टाइप केला.

"अळंबी! रानातली अळंबी!"

शेपूट वाऱ्यासारखं खाली पळालं. मावशीने लगेच योग्य उपचार सुरू केले.

वर टेकडीवर चष्मिस अजून टॅबमध्येच डोकं घालून होता. "ताई, हे बघ! 'संपूर्ण शब्दकोश उतरवून घ्या.' हे बटण कुणी दाबलंच नाहीये! एकदा दाबलं असतं, तर खालीही चालला असता!"

ठिणगीच्या कानशिलाच्या शिरा तडतडल्या. "म्हणून ते टॅबवाले साहेब पाहुण्यांना शब्दकोश दाखवायला दर वेळी टेकडीवर नेतात! म्हणे, वर हवा छान असते!"

दुसऱ्या दिवशी पोर उठून बसलं. तेवढ्यात साहेब तालुक्यातल्या सगळ्या दवाखान्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन हजर! "चला मॅडम, टेकडीवर शब्दकोश दाखवतो. मस्त हवा आहे!"

"साहेब, इथेच दाखवा ना," ठिणगी गोड आवाजात म्हणाली. "रुग्ण तर इथेच येतात!"

"हो, इथेच दाखवा," बाई खुर्चीत बसल्या.

साहेबांनी बटणं दाबली. पुन्हा दाबली. कपाळावर घाम! "या पोरांनी बिघडवला असणार!"

"आम्ही?" ठिणगी कडाडली. "वर चालतो, खाली नाही! तुम्ही तो उतरवूनच घेतला नाहीत! काल हे बाळ मरता मरता वाचलं!"

मावशीने मान डोलावली. साहेब चाचरले, "तासभर लागतो हो उतरवायला..."

बाईंनी दवाखान्यातले सगळे टॅब त्यांच्या हातांत कोंबले. "जा टेकडीवर! सगळ्यांवर शब्दकोश उतरवल्याशिवाय खाली यायचं नाही!" मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास रे वाघांनो!"

चष्मिस लाजला. शेपटाने टाळ्या पिटल्या. ठिणगीचा चेहरा मात्र तसाच लाल.

"आणि बाकीच्या दवाखान्यांतले टॅब?" तिने विचारलं.

बाई ताडकन उठल्या. मग त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "चल, बस गाडीत. आत्ताच जाऊ!"