चार केबी

तळेगाव स्टेशनजवळ माझं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंटर, कॅमेरे बसवणं आणि त्यांची देखभाल. अकरा वर्षं हेच काम करते आहे. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, असा माझा अनुभव. म्हणून कुसगावच्या बंगल्यात त्या जुलैत जे झालं, ते मी जसं पाहिलं तसंच सांगते.

बंगला गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर. मालक वर्षातून दोनदा येत. बाकी सगळा कारभार बजरंग शेडगे या मॅनेजरकडे. घरात कायम बुरशीचा वास, भिंतींना पोपडे, आणि जिन्याखालच्या कोंदट खोलीत कॅमेऱ्यांचा जुना कॉम्प्युटर. आठ कॅमेरे. प्रत्येकाची दिवसाला एक फाइल, साधारण दोन जीबीची. डिस्क पाचशे जीबीची. मालकांना तीस दिवसांचं चित्रीकरण हवं होतं, म्हणजे डिस्क कायम गळ्यापर्यंत भरलेली.

मोठी डिस्क घ्या, असं मी तीनदा सांगितलं. शेडग्यांनी मालकांचा निरोप दिला की आहे त्यातच बसवा, फाइली आपोआप दाबून लहान करायची सोय असते म्हणे. सोय असते. पण चित्रीकरण कॅमेरा आधीच दाबून साठवतो, त्यामुळे शंभरात दोन-तीनचाच फरक पडतो. हे सांगितल्यावर शेडगे म्हणाले, ‘‘तुम्हाला करायचं नसेल तर लोणावळ्यात दुसरे आहेत.’’

दोन जुलैला मी ते करून दिलं. रोज रात्री बारा वाजता आदल्या दिवसाच्या फाइली आपोआप दाबल्या जातील. दाबलेल्या फाइलीचं नाव यादीत निळं दिसतं, एवढीच खूण.

त्या दिवशी मला कोरा चहा आणून दिला तो सावळाने. बंगल्याचा माळी. वरच्या ठाकरवाडीतला, चाळिशीचा, सडपातळ, आणि बोलका. चहाचा कप हातात देऊन तो दारातच उकिडवा बसला आणि अर्धा तास बोलत राहिला. मुलगी रंजना दहावीला आहे, तिला नर्स व्हायचंय. यंदा रोपं चांगली उगवलीत, आठवड्यात लावणी करायची. टाकीमागे नाग निघतो, पण तो काही करत नाही. मला कामात व्यत्यय येत होता आणि मी त्याला तसं तुटकपणे सांगितलंही. तो हसला आणि खराटा घेऊन मागे गेला.

तेरा जुलैला शेडग्यांचा फोन आला. आवाज चढलेला. डिस्कवर अचानक जागा रिकामी दिसतेय, तुम्ही चित्रीकरण पुसलंत का, असा थेट आरोप. मी निघाले.

फाटकाबाहेर एक बाई पोतं डोक्यावर घेऊन पावसात बसली होती. मी गाडीतून उतरताच उठून समोर आली. ती गंगी, सावळाची बायको. नवरा अकरा दिवस घरी आलेला नव्हता. तिला आत सोडत नव्हते. चौकीत गेली, तर तिथून शेडग्यांना फोन झाला, शेडग्यांनी मोबाइलवरून चित्रीकरण पाठवलं आणि विषय संपला. त्यात सावळा रोज कामावर दिसत होता.

‘‘तो डबा तुमीच लावला न्हवं?’’ तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती माझ्या पायाजवळ थुंकली.

आत शेडगे वैतागलेले. नवरा-बायकोचं भांडण असेल, म्हणाले, माणूस तर रोज सव्वाआठला हजर असतो. तुम्ही त्याला शेवटचं समोरासमोर कधी भेटलात, असं मी विचारलं.

‘‘भेटायला कशाला पाहिजे? कॅमेऱ्यात दिसतो ना.’’

मी यादी उघडली. सात कॅमेऱ्यांच्या फाइली जवळजवळ होत्या तेवढ्याच. चार नंबरच्या, म्हणजे मागच्या टाकीवरच्या कॅमेऱ्याच्या अकरा फाइली मात्र दोन जीबीवरून चार केबीवर आल्या होत्या. प्रत्येक चार केबी. एवढ्या जागेत एखादं साधं पत्र मावतं.

फाइल दाबण्यामागचं तत्त्व साधं आहे. जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहायचं आणि पुढे नुसती खूण करायची. अख्खा दिवस चार केबीत बसायचा तर त्या दिवसात एकाच गोष्टीशिवाय दुसरं काही नसायला हवं. मला वाटलं, फाइल बिघडली असेल. पण ती उघडली आणि स्वच्छ चालली. टाकी, पंपाची खोली, सिल्व्हर ओकची झाडं, आणि खराटा मारणारा सावळा.

तीन तारीख आणि नऊ तारीख मी शेजारी शेजारी लावली. तीनला धुकं होतं, नऊला लख्ख उजेड. म्हणजे कुणी एकच दिवस पुन्हा पुन्हा चिकटवला नव्हता. पण सावळा तोच होता. अठरा फटके, थांबणं, मान पुसणं, पुन्हा अठरा. मी चार, सहा, अकरा तारीख लावून पाहिली. प्रत्येक चित्रातला खराटा एकाच क्षणी उचलला जात होता. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तो जेवायला बसत नव्हता. घरी जायला निघत नव्हता.

मी शेडग्यांना म्हटलं, बाईला आत घ्या, आम्ही मागे जाऊन बघतो. तुम्ही इथे स्क्रीनसमोर बसा आणि फोन चालू ठेवा. आत्ताही तो दिसत होता, म्हणून ते कुरकुरत तयार झाले.

दुपारचे बारा वाजत आले होते. पाऊस भुरभुरत होता. आम्ही दोघी मागच्या बाजूला वळलो आणि गंगीने माझा दंड धरला. टाकीभोवती पानांचा खच पडला होता. घोट्याच्या वर, कुजलेला, काळा पडलेला. तिथे कित्येक दिवसांत खराटा लागला नव्हता.

‘‘मॅडम, टाकीजवळ पोचलात का?’’ फोनवर शेडगे.

पोचलो दोघी, मी म्हटलं.

‘‘मग दिसत का नाही तुम्ही? इथे तो एकटाच आहे. झाडतोय.’’

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. लाल दिवा चालू होता. मी हात हलवला. शेडगे म्हणाले, काही नाही. मी दोन पावलं पुढे गेले, पानं बुटाखाली पचपचली. काही नाही.

मग त्यांचा आवाज बदलला.

‘‘तो थांबला.’’

पाऊस पत्र्यावर वाजत होता.

‘‘वर बघतोय. कॅमेऱ्याकडे. मॅडम, तो बोलतोय काहीतरी.’’

त्या कॅमेऱ्याला आवाजाची सोय नव्हती. मीच बसवला होता. मी विचारलं, काय बोलतोय?

‘‘ओठांवरून... गंगी म्हणतोय.’’

माझ्या मागून गंगी शांतपणे म्हणाली, ‘‘व्हय, आले.’’

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. तिने मान तिरकी केली होती, भिंतीपलीकडचं ऐकावं तशी. थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसता राग होता.

‘‘जागा न्हाई म्हनतोय. हात सुदिक लांब करता येत न्हाई. त्याला मोकळं करा.’’

आम्ही जिन्याखाली परत आलो. शेडगे खोलीबाहेर उभे होते. आत जायला तयार नव्हते. मी आधी बारा वाजताचं काम बंद केलं आणि मग अकरा फाइली निवडून पुन्हा मूळ आकारात उलगडायला लावल्या. हिशेबाने बावीस जीबी लागायला हवे होते. रिकामी जागा साठ जीबी होती, म्हणजे पुरून उरेल एवढी.

दुसऱ्या फाइलीतच साठ संपले. स्क्रीनवर आलं : जागा अपुरी.

इतर कॅमेऱ्यांच्या जुन्या फाइली पुसाव्या लागतील, मी म्हटलं. शेडग्यांनी आधी नकार दिला, मालकांना काय सांगू म्हणाले. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चार नंबरच्या चौकटीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

‘‘पुसा,’’ ते म्हणाले. ‘‘सगळं पुसा.’’

मी पुसत गेले आणि डिस्क भरत गेली. तीन तारीख उलगडायलाच सव्वाशे जीबी गेले. मशीन तापलं, पंखा घरघरू लागला, खोलीत जळक्या धुळीचा वास पसरला. गंगी दारात उभी राहून माझ्या बोटांकडे बघत होती. शेवटी पुसायला काही उरलं नाही. दहा फाइली उलगडल्या होत्या. अकरावी अर्धी झाली आणि थांबली.

जागा अपुरी.

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा बटण दाबणार, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. पॅसेजमध्ये ओले पाय वाजले आणि सावळा येऊन गोणपाटावर उभा राहिला. कपडे तेच, दोन तारखेचे. दाढी वाढलेली नव्हती.

‘‘पानी सोडलंय,’’ तो म्हणाला.

रोज टाकीचं पाणी सोडल्यावर सांगावं, तसं. गंगीने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग मनगट धरून त्याला घेऊन गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी वायर उपसली, डिस्क काढून घेतली आणि दुकानात हातोड्याने फोडली. शेडग्यांनी पुढच्या आठवड्यात नोकरी सोडली. त्यांचा फोन आजही लागत नाही.

मला वाटलं होतं, मी जाणार नाही. पण सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी सकाळी मी ठाकरवाडीत गेले. मनात त्या अर्ध्या फाइलीचं होतं.

सावळा अंगणात बसला होता. मी नमस्कार केला. ‘‘पानी सोडलंय,’’ तो म्हणाला. त्याची मुलगी रंजना घरातून बाहेर आली आणि बापाला वळसा घालून गेली, खांबाला घालावा तसा. नर्सिंगचं काय ठरलं, असं मी त्याला विचारलं. तो माझ्याकडे सभ्यपणे बघत राहिला. रंजना म्हणाली, त्याला विचारू नका.

गंगीने मला बसायला सांगितलं नाही. पाणीही दिलं नाही. ती दाराला टेकून उभी होती, आणखी वाळलेली.

‘‘तोच हाये,’’ ती म्हणाली. ‘‘हाडाचा, कातडीचा तोच हाये. पर कमी हाये.’’

डॉक्टरला दाखवलंत का, मी विचारलं. दाखवलं होतं. त्यांना काही सापडलं नव्हतं. जेवतो, झोपतो, काम करतो. यंदाची लावणीही त्याने एकट्याने केली, कुणाला हात लावू दिला नाही. मग ती म्हणाली, ‘‘या. तुमी बघा.’’

खाचर घरामागेच होतं, दोन गुंठ्यांचं. भात कमरेएवढं वाढलेलं, लोंब्या भरलेल्या. पहिल्या नजरेला उत्तम पीक. असं मी म्हणालेही. गंगीने बांधाजवळचा एक चूड, भाताच्या रोपांचा झुबका, मुठीत धरून माझ्यापुढे केला. सात पाती. तिसऱ्या पात्याला मधोमध किड्याने खाल्लेलं भोक, भोकाच्या खाली तिरकी चीर.

मी शेजारचा चूड पाहिला. सात पाती. तिसऱ्याला भोक, खाली तिरकी चीर.

मी चिखलात उतरले. चौथा, दहावा, पुढच्या ओळीतला. खाचराच्या मध्यापर्यंत गेले. तिथेही तेच. बांधावरून गंगी मला बघत होती. मग खिंडीतून वारा आला आणि शेजारच्या शेतांतलं भात लाटेसारखं हललं, आधी अलीकडचं, मग पलीकडचं.

सावळाचं अख्खं खाचर एकाच क्षणी हललं.