चार मात्रांची जागा

पिंपरीला नव्या निघालेल्या औषध कारखान्यात बाटल्या धुवायची एक लांबलचक शेड होती. धुतलेल्या बाटल्या तारेच्या जाळीवर पालथ्या घालायच्या आणि सुकल्या की पुढे पाठवायच्या, एवढंच ज्योतीरामचं काम. काम वाईट नव्हतं हो. पण हा माणूस होता गवयांसाठी चिजा बांधणारा, आणि सहा वर्षांत त्याला एक ओळ सुचली नव्हती.

त्याआधीच्या त्याच्या तीन चिजा पुण्याचे रंगराव गवई मैफलीत गायचे. रीतीप्रमाणे प्रत्येक अंतऱ्यात त्याने आपली मुद्रा घातली होती, 'ज्योतरंग'. मुद्रा म्हणजे चीज बांधणाऱ्याचं नाव. माणूस जातो, गाणारे ते नाव गात राहतात. ज्योतीरामला मूलबाळ नव्हतं. बायकोला, कुसुमला, तो म्हणायचा, आपलं मागे राहायचं ते एवढंच.

आता त्या तीन चिजाही कुणी गाईना. छप्पन सालच्या माघात रंगरावांनी त्याला घरी बसवून, चहा पाजून सांगितलं.

"रविवारी दुपारची मैफल आहे. नवं काही असेल तर बुधवारपर्यंत आणा. नाहीतर आता राहू द्या, ज्योतीराम. किती वर्षं वाट बघायची माणसाने?"

तो घरी आला आणि तंबोरा घेऊन बसला. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. जे यायचं ते दुसऱ्या कुणाचं तरी असायचं. कुसुमने ताट वाढलं, झाकलं, उचललं. शेवटी त्याने तंबोऱ्याच्या भोपळ्यावर कपाळ टेकलं आणि तो हुंदके देऊन रडला. चाळीशीचा बाप्या.

सोमवारी जेवणाचा भोंगा झाला. शेड रिकामी झाली. बाटल्या धुणारी अंबूबाई तेवढी कोपऱ्यात भाकरीचं फडकं सोडून बसली. पवना नदीकडून वारा आला आणि जाळीवरच्या बाटल्या घुमायला लागल्या. त्या रोजच घुमायच्या. त्या दिवशी मात्र त्यात भीमपलास होता. स्वच्छ. ज्योतीरामने बोटांवर मात्रा मोजल्या, एकही चुकली नाही. आणि भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसे शब्दही होते. वाटेवर उभं राहून कुणी हाका मारतंय, असे काहीसे.

त्याने पुड्याच्या कागदावर स्थायी उतरवून घेतली.

मंगळवारी त्याच वेळेला अंतरा आला. फक्त शेवटच्या ओळीत, जिथे मुद्रा पडते तिथे, चार मात्रा काहीच नाही. पुन्हा फिरून आला, पुन्हा तसंच. वारा चालू होता. अंबूबाईचा पदर फडफडत होता. आणि बाटल्या चार मात्रा गप्प.

त्याने अंबूबाईला विचारलं, तुम्हालाही ऐकू येतं का.

"व्हय की. शेड बांदली तवापासनं हाय ते."

"मधेच थांबतं तेही?"

तिने हातातला तुकडा खाली ठेवला. "थांबतंय. तितं आपुन काय बोलायचं न्हाई, दादा. गेलेल्या मानसाची जागा रिकामी दिसली म्हनून कुनी जाऊन बसतंय व्हय?"

ज्योतीराम हसला. या बाईला काय कळणार चिजेतलं? अंतऱ्यातली ती जागा बांधणाऱ्याचीच असते, जन्मभर तो हेच शिकला होता. त्याने पेन्सिल ओली केली आणि लिहिलं. ज्यो, त, रं, ग. चार मात्रांत चार अक्षरं, जणू मापं घेऊन शिवलेली.

बुधवारी संध्याकाळी सायकल मारत तो पुण्याला गेला. रंगरावांना चीज तोंडाने सांगितली. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरले. हे कुठून आणलंत, म्हणाले. सुचलं, असं ज्योतीराम म्हणाला.

रविवारी तो सभागृहात मागच्या रांगेत बसला. रंगराव तासभर तीच चीज गायले. मुद्रेपाशी आले आणि त्यांनी हलकेच कानाच्या पाळीला बोट लावलं.

ज्योतीराम पुढे सरकून बसला. गवई कानाला हात लावतात ते गुरूचं नाव घेताना, नाहीतर गेलेल्याचं.

गाणं संपलं. रंगराव श्रोत्यांना म्हणाले, ही ज्योतरंगांची चीज. फार मोठा माणूस. हयातीत कुणी विचारलं नाही.

गर्दी ओसरल्यावर तो पुढे गेला. रंगरावांनी अदबीने हात जोडले.

"आपण कुठले?"

"चिंचवडचा. मी ज्योतीराम."

"अरे वा. नावही तेच? ज्योतरंगही चिंचवडचेच. त्यांच्या भाऊबंदांपैकी का?"

चेष्टा नव्हती. रंगराव चेष्टा करत नसत.

तो निघाला. दापोडीचा पूल कधी गेला, कळलं नाही.

उन्हं अजून होती. कुसुम अंगणात तांदूळ निवडत बसली होती. त्याने सायकल भिंतीला टेकवली. तिने वर पाहिलं आणि पदर सावरला.

"कोण पाहिजे?"

तो दोन पावलं पुढे आला, तिला तोंड नीट दिसावं म्हणून. मग म्हणाला, "ज्योतीरामांचं घर ना हे? चिजा बांधायचे ते?"

"हो, हेच. बसा ना. पुण्याची माणसं येतात अशी अधूनमधून. वह्या काढून देते."

ती सूप बाजूला ठेवून उठली. ऊन तिच्या तोंडावर आलं. सकाळी कुंकू लावलेलं कपाळ मोकळं होतं. कुंकवाच्या जागी फिकट डागसुद्धा नव्हता. तिथली कातडी वर्षानुवर्षं उघडी राहून बाकीच्या कपाळाइतकीच रापलेली होती.