उशाकडची फळी

ही गोष्ट रचलेली नाही. ती भिंत बारामतीत आजही उभी आहे. मी तिच्यासमोर बसून चहा प्यायलोय. पाठ मात्र टेकवली नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. तीही भर दुपारची. भुताला अंधारच लागतो, ही आपली समजूत!

राजेश्वरीचे सासरे आप्पासाहेब दोन वर्षं सणसरच्या घरी अर्धांगानं पडून होते. वाचाही गेलेली. पाणी हवं असलं की चालत्या हाताच्या बोटानं पलंगाच्या उशाकडच्या फळीवर वाजवायचे.

टक… टक…

"आले आप्पा!" म्हणत राजेश्वरी उठायची. ताटावरून, झोपेतून, कुठूनही. ते गेले तेव्हा तिला रडू आलं नाही. बधीर झाली होती बिचारी. आप्पा सुटले, आता आपणही सुटलो, एवढंच मनात आलं. तिला फक्त दुपारची सलग झोप हवी होती.

आपल्याकडे माणूस ज्या खाटेवर जातो, ती त्याच्या पुढच्या वाटेसाठी तेराव्याला दान देतात. पण हा पलंग जुन्या सागवानाचा, नक्षीदार. तिचा नवरा अविराज म्हणाला, "असला माल पुन्हा मिळायचा न्हाय." त्यानं इंदापूरच्या बाजारातून नवी लोखंडी खाट आणली आणि तीच दान दिली.

पुढं सणसरच्या घराला कुलूप लागलं. अविराजची नोकरी एमआयडीसीत, म्हणून दोघं बारामतीत राहायला आली. राजेश्वरीनं मोबाईलवर बघून हॉलच्या भिंतीला फ्रेंच धाटणीचं पॅनेल करायचं ठरवलं. सुतारानं पलंग मोकळा केला. उशाकडची फळी भिंतीच्या मधोमध बसवली, भोवती पट्ट्यांच्या चौकटी, वरून दुधी रंग. पायथ्याची फळी नणंद दिपालीनं इंदापूरला नेली, आपल्या भिंतीला तसंच करायला. उरलेले खूर, म्हणजे पलंगाचे पाय, बंबात जळाले.

भिंत दृष्ट लागण्यासारखी झाली.

त्या दुपारी अविराज कामावर होता. राजेश्वरी सोफ्यावर आडवी झाली. कितीतरी दिवसांनी डोळा लागत होता…

टक… टक…

"आले आप्पा!" ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन पेला भरला. हॉलमध्ये आली… आणि थांबली.

पाणी द्यायचं कुणाला?

घाबरली असती तर बरं झालं असतं. तिला भीतीसुद्धा वाटली नाही. तिनं पेला फळीखाली ठेवला आणि पडून राहिली.

आवाज थांबला.

मग हे रोजचंच झालं. अविराज घरी असला की भिंत मुकी. "तुझ्या मनाचे खेळ हायती," असं म्हणून तो मोकळा व्हायचा.

शेवटी तिनं दिपालीला फोन लावला. "ताई, भिंतीतनं आप्पा वाजवत्यात."

पलीकडं दिपालीनं आवाज खाली आणला.

"वहिनी… हितं वाजत न्हाय."

"मग?"

"हितं टाच घासल्यावानी आवाज येतोय. आप्पा अंथरुणात घासायचे ना… तसा."

राजेश्वरीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. आप्पांचं डोकं बारामतीत, पाय इंदापुरात. आणि मध्ये सणसरचं बंद घर.

दोघी सणसरला गेल्या, आप्पांची बहीण कुशाबाई हिच्याकडं. सगळं सांगितलं.

"आत्या, दोन्ही फळ्या काढतो. आता पलंग दान केला तर?" दिपालीनं विचारलं.

"दान अख्ख्या खाटंचं असतं. खूर कुठं हायती?"

"बंबात घातलं."

कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. "मग आता काय देनार, बायांनो? ज्याची त्याला दिली न्हाय. त्यो जायाचा कशावर?"

मी चहाला गेलो तेव्हा राजेश्वरी हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होती. फळी भिंतीवर तशीच होती. काढून करायचं काय?

बोलता बोलता ती थांबली. मान किंचित वळवली.

मला काहीच ऐकू आलं नाही… देवाशप्पथ.

"आले आप्पा," ती हळूच म्हणाली. आत जाऊन पेला भरून आणला आणि फळीखाली ठेवला. तिथं आधीचा पेला होताच. रिकामा.

"दुपारी झोप लागते का आता?" मी विचारलं.

"आप्पा सुटले की मी सुटनार हुते," ती म्हणाली. "आप्पा काय सुटत न्हाईत आता."

मी चहा अर्धाच टाकून निघालो.

घरी आल्यापासून मीही दुपारचा आडवा होत नाही.