सतरा नंबरचा क्रेट

“रेडिओ, थांब! तो क्रेट उघडू नकोस!”

बेकरीच्या मागच्या दारातून, सगळे जिला खारूताई म्हणत ती मुलगी एवढ्या जोरात ओरडली, की बेकरीवाल्यांचा मुलगा दचकलाच. दिवसभर त्याच्या तोंडाची टकळी चालू असे, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत.

“अगं, अंडी आहेत यात! बॉम्ब नाही!”

“त्याच्यावरचा स्टिकर बघ! सतरा नंबर. म्हणजे माझ्या आत्याची अंडी.”

“मग त्यात काय झालं?”

“अरे, गोदामवाले काका गेल्या आठवड्यापासून आत्याचं एकही अंडं घेत नाहीत! सगळी घरीच पडून आहेत. मग हा क्रेट भरून आला कुठून?”

रेडिओ चक्क गप्प झाला.

“बंद पडला!” त्याची धाकटी बहीण टिकली टाळ्या पिटत म्हणाली.

झालं होतं असं, की याच बेकरीत एक क्रेटभर अंडी सडकी निघाली होती. स्टिकर सतरा नंबरचा होता. झालं! आत्याचा माल बंद. आज संध्याकाळी पिंजऱ्यांची गाडी येणार होती, तिच्या सगळ्या कोंबड्या विकत न्यायला.

आत्याचे यजमान वारल्यापासून ती माणसांशी फार बोलतच नसे. खारूताई सुट्टीला आली, तरी दोघी मुकाट्यानं जेवायच्या. आई-बाबा लांब कामावर. त्यांचा फोन यायचा आणि घाईघाईनं संपायचा. आत्या बोलायची ती कोंबड्यांशी. खुराड्यापाशी बसून गुणगुणायची:

माझ्या अंगणात, कुणाचा गं गलका
पाखरांच्या पायी, दिस जातो हलका

दारामागे उभी राहून खारूताई ऐकायची. त्या गलक्यात आपलाही आवाज असावा, असं तिला फार वाटे. आज सकाळी मात्र आत्या गुणगुणलीच नाही. दाणे टाकता टाकता एकेका कोंबडीकडे नुसती बघत राहिली.

“क्रेट ज्या वाटेनं आला, त्या वाटेनं उलटं जायचं!” खारूताईनं ठरवलं.

टेम्पोवाला दादा अजून दारातच होता. “मला काय विचारता? अंडी मी घालत नाही, फक्त पोचवतो! गोदामातून आलाय क्रेट. चला, तिकडेच निघालोय.”

“बाबा, आम्ही जातोय!” रेडिओ ओरडला.

“व्हा पुढे! भट्टीतले पाव काढतो आणि आलोच मागोमाग,” आतून उत्तर आलं.

गोदाम लांबच लांब होतं. वर पत्रा, एक खडखडणारा पंखा, आणि भिंतीएवढी रिकाम्या क्रेटांची चळत. मुलं त्या चळतीमागे दडली. गोदामवाले काका एकटेच होते. त्यांनी हाताला लागला तो रिकामा क्रेट ओढला. खिडकीखाली उन्हात तापत पडलेले अंड्यांचे ट्रे उचलून त्यात भरले आणि क्रेट बाजूला सरकवला.

“स्टिकर!” खारूताई कुजबुजली. “जुना स्टिकर तसाच ठेवला!”

टिकली सरळ पुढे गेली. “काका, ही अंडी कुणाची हो?”

“तू कुठून उगवलीस? अगं, क्रेटवर नंबर असतो. नंबर बघायचा, की कळतं! आमच्याकडे घोटाळा नाही.”

“मग या क्रेटवर सतरा कसा?”

“सतरा?” दारातून आवाज आला. बेकरीवाले येऊन पोचले होते. “त्यांचा माल तर तुम्ही बंद केलाय ना?”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. बेकरीवाल्यांनी उन्हातल्या ट्रेमधलं एक अंडं फोडलं. शी! सगळ्यांनी नाकं दाबली.

“हाताखाली माणूस नाही हो,” काका पुटपुटले. “रिकाम्या क्रेटचे स्टिकर काढायचे राहतात. मग येईल तो माल त्यातच भरतो...”

“आणि आत्याच्या कोंबड्या जातात!” खारूताईनं त्यांचा हात धरला. “काका, आत्ताच्या आत्ता चला!”

टेम्पो सुसाट निघाला. आत्याच्या घरापुढे पिंजऱ्यांची गाडी उभी! काही कोंबड्या आत गेल्यासुद्धा होत्या. आत्या भिंतीला टेकून उभी होती.

“ताई, चूक माझी,” गोदामवाल्यांनी हात जोडले. “सडका माल तुमचा नव्हता. उद्यापासून अंडी न्यायला गाडी पाठवतो, आणि जुने स्टिकर आधी काढतो.”

आत्यानं जाऊन पिंजऱ्यांची दारं उघडली. पंखांचा एकच फडफडाट झाला!

“सडकी अंडी मी तक्रार करून नुसती फेकून दिली,” बेकरीवाले म्हणाले. “ती कुठून आली, हे शोधलं या पोरांनी. शाबास रे!”

“आता ऐका महिनाभर हीच बातमी!” टिकली रेडिओकडे बघत म्हणाली.

सगळे गेले. अंगण पुन्हा सुनं झालं. दोघी पायरीवर बसल्या.

“परवा जाशील तू,” आत्या हळूच म्हणाली.

“हो.”

“मग उद्या दिवसभर बोल माझ्याशी. मला सवय राहिली नाही गं. सुरुवात तूच कर.”