पेवातलं व्हय

पेव भरणं म्हणजे घाईचं काम नव्हे. आधी धान्य साठवायच्या त्या खोल खड्ड्यात कडबा जाळून भिंती शेकायच्या, मग भुस्सा, मग उन्हात कडक वाळवलेला जोंधळा. तोंडावर दगड, वरनं शेणमाती. नीट भरलं तर चार वर्षं किडा लागत नाही.

उघडायला मात्र त्याहून सबुरी लागते. दोन दिवस तोंड उघडं टाकायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझणार. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. वरच्यानं विचारायचं, "व्हय का रं?" खालच्यानं म्हणायचं, "व्हय." मग जोंधळ्याची बुट्टी ओढायची. व्हय आलं नाही, तर बुट्टी सोडून माणूस ओढायचा.

शिरोलीच्या केरबाला हे लहानपणापासनं पाठ होतं. घरामागचं पेव बापानं, ज्ञानूनं, चांगल्या सालात भरलेलं. बाप गेला. शाहू महाराज गादीवर येऊन पाच वर्षं झाली होती आणि पावसानं पाठ फिरवली होती. पेरायला बी राहू दे म्हणून केरबानं पेवाला हात लावला नव्हता.

घरात चिमूटभर पीठ उरलं नव्हतं. पोरगी बनाबाई. नाव मोठं, पोर दोन वर्षांची, अजून बोलतही नव्हती. चार दिवस चिंचेचा पाला उकळलेल्या पाण्यावर होती. त्या सकाळी केरबाची बायको बयाबाई दारात आली.

"रडायची थांबलीया," म्हणाली. आणि तिथंच उभी राहिली.

गावातली पेवं उघडायचं काम मीरासाबचं. त्यानं दगड सरकवला. आतनं आंबूस, कोमट वास आला. कंदील पुरुषभर खाली गेला आणि विझला.

"आज न्हाय. परवा बघू."

"परवा कुणासाठी बघायचं, चाचा?"

मीरासाब विझलेला कंदील वर ओढू लागला. तोवर केरबाचा धाकटा भाऊ कृष्णात कमरेला दोर बांधून मोकळा झाला होता. कृष्णात तोतरा. त्याला वाट विचारली तर त्याचं सांगून होईस्तवर पावणं घरला पोचत्यात, अशी गावात त्याची टिंगल चालायची.

"केरबा, लेका, धर त्याला," मीरासाब म्हणाला.

केरबानं धरलं नाही.

"प-प-पटकन भरतो. दादा, तू इ-इचारत ऱ्हा." कृष्णात उतरला. दोर सैल पडला.

"व्हय का रं?"

"व्-व्-व्हय."

बुट्टी वर आली, शिगोशीग. जोंधळा कोमट होता. केरबानं दाणा चावला. चांगला होता. बयाबाई पदरात घेऊन घराकडं पळाली.

बुट्टी परत खाली.

"व्हय का रं?"

"व्हय."

केरबाचे हात थांबले. आवाज भावाचाच होता. पण धुतल्यासारखा स्वच्छ.

मीरासाब त्याच्याकडंच बघत होता. "किस्नाची जीभ कवापासनं सुटली?"

केरबानं मान वळवली. कौलांतनं धूर निघत होता. किती दिवसांनी.

"वडा, चाचा."

"आधी माणूस वड."

"व्हय म्हणतोय की."

"म्हणतोय. त्येचंच भ्या वाटतंय."

मीरासाबनं पुन्हा कंदील सोडला. तिथंच विझला.

केरबा एकटा ओढू लागला. बुट्टी वर, बुट्टी खाली. उन्हं डोक्यावर आली. तळहात सोलले. पोत्यामागं पोतं भरलं. विचारायचं आणि ओढायचं, दुसरं काही डोक्यात येऊ द्यायचं नाही.

मग एकदा त्यानं विचारायला तोंड उघडलं, त्याच्या आधीच आलं.

"व्हय."

त्यानं ओढलं.

"व्हय."

ओढलं.

शेवटच्या बुट्टीत नुसता भुस्सा आला. मग त्यानं माणसाचा दोर धरला.

कृष्णात वर आला तेव्हा ताठ झाला होता. उतरताना पोटाशी घेतलेले गुडघे अजून तसेच. मीरासाबनं मान चाचपली.

"ह्यो उतरतानाच गेलाय."

केरबाचे हात जोंधळ्याच्या भुकटीनं कोपरापर्यंत पांढरे झाले होते. त्यानं भावाचे तळवे उघडून बघितले. स्वच्छ होते. एक कणही नव्हता, पहिल्या बुट्टीचाही नाही.

"तुला कवा कळलं?" मीरासाबनं विचारलं.

"दुसऱ्या बुट्टीला."

मीरासाबनं पेव दगडांनी बुजवलं. पुन्हा तो त्या दारात आला नाही.

बनाबाई जगली. तोच जोंधळा सगळ्यांनी खाल्ला, केरबानंही. पोरगी अंगानं भरली, पळू लागली, पण चार वर्षांची झाली तरी तोंडातनं शब्द नाही. "काकावर गेलीया," बयाबाई म्हणायची.

एका दुपारी बनाबाई घरामागं रिकामी बुट्टी घेऊन खेळत होती. बुजवलेल्या पेवावर उकिडवी बसलेली, मान खाली.

"व्हय," ती म्हणाली. स्पष्ट, न अडखळता.

बयाबाई चूल सोडून धावली, तिला उचललं, मुके घेतले. "आवं, बोलली! ऐकलासा का?"

केरबानं ऐकलं होतं. तो भिंतीला टेकून बसला होता, आणि तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.