पाहुण्याचं बटण

दुपारी एक पंचवीसला इंद्रजित आईला भिंतीला टेकवून बसवायचा. पाठीला दोन उशा, डाव्या अंगाला लोड, मांडीवर टॉवेल. मग टीव्ही लावायचा. माधवनगरात बंद पडलेल्या मिलच्या मागं त्यांची एकच खोली, त्यामुळं टीव्ही कुठनंही दिसायचा. डिश बसवायची कामं तो बाराला थांबवायचा आणि तीनला परत धरायचा. गिऱ्हाईक बोंबलायचं. बोंबलू दे. दीड ते दोन आई बोलायची.

दीड वर्षापूर्वी आईला, हरणाबाईला, झटका आला. डावं अंग गेलं, वाचा गेली. सांगलीच्या डॉक्टरनं मेंदूचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, बोलायची जागाच गेलीय, आशा धरू नका. बाप धुळा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला, तो पावसाच्या तोंडावर येणार. सहा महिने आई नुसती बघत राहिली. आणि एका दुपारी 'पाचवा मुक्काम' लागली. मेंढपाळांची मालिका. त्यातली रखमी कोकरू बाहेर विसरून पालात शिरली, आणि इंद्रजितच्या पाठीमागनं आवाज आला.

"अगं ए भवाने, त्याला आत घे की. लांडगा नेईल."

त्याच्या हातातलं ताट खाली पडलं.

तेव्हापासनं रोज. आई रखमीला शिव्या द्यायची, सासूपासनं सावध करायची, मेंढरं कुठल्या अंगानं हाकायची ते सांगायची. दोनला शेवटचं संगीत वाजलं की तोंड मिटलं, ते दुसऱ्या दिवशी दीडपर्यंत. डॉक्टर म्हणाला, होतं असं कधीकधी. मान वर करून बघितलंसुद्धा नाही त्यानं.

आधी ही मालिका रात्री आठला होती. मग संध्याकाळी साडेसहाला ढकलली, मग दुपारी दीडला. आता मालिका बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोनमचा मेसेज आला. सोनम जतला आरोग्याच्या कामावरची आशाताई, ग्रुपची ॲडमिन तीच. 'महिनाअखेर शेवटचा भाग. रेटिंग नाही म्हणे.'

इंद्रजितनं लोखंडी खाटेला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं पडलं.

ग्रुपात दोनशे चाळीस माणसं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट केली. प्रत्येकानं पाकिटात मेंढीच्या लोकरीचा एक झुपका घातला, मागं नाव-गाव लिहिलं आणि मुंबईला चॅनेलच्या पत्त्यावर धाडून दिलं. आठ दिवसांनी चॅनेलच्या पेजवर उत्तर आलं. 'प्रेक्षकांच्या प्रेमाबद्दल आभार. कृपया कार्यालयात लोकर पाठवू नये.' खाली चौघांनी हसायची तोंडं टाकलेली.

त्यानं फोन लावला. तिकडं मऊ आवाजाची बाई.

"सर, तुमच्या भावना आम्ही नक्की पुढे पोचवू."

"भावना नगंत. माणसं मोजा."

"मोजणी आम्ही करत नाही सर. काही निवडक घरांत मीटरची पेटी असते, त्यावरून..."

"जतपासनं आटपाडीपतोर कुणाच्या घरात हाय ती पेटी, सांगा."

"ती माहिती गुप्त असते सर."

"म्हंजे आमी बघतोय ते बघतच न्हाई. असंच ना?"

बाईनं फोन ठेवला नाही, फक्त गाणं लावून दिलं. ते तो बारा मिनिटं ऐकत बसला. जनगणनेत गावाला नसल्यामुळं त्याचा बाप दोनदा राहून गेलेला. रेशनकार्डातनं नाव गेलं ते परत चढवायला तीन वर्षं गेली. आता टीव्ही बघायलासुद्धा आपण नाहीच. त्याची कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी मावसभावाचा फोन आला. प्रांजल. तो रहिमतपूर भागात डिश बसवायचा.

"तुला म्हणून सांगतो, गड्या. बोंबलू नगंस. हितं एका घरात हाय पेटी. मी केबल बदलायला गेल्तो तवा बघितली."

"कोण हाय घरात?"

"एक म्हातारा. फौजेतनं रिटायर. नाथाजी." प्रांजल जरा थांबला. "जा, पण लय वेळ बसू नगंस."

"का रं?"

"जा तर."

शनिवारी सकाळी आईला पाठीवर घेऊन इंद्रजितनं माधवनगरातनं पॅसेंजर धरली. घरी ठेवायची कुणाजवळ? आणि खरं म्हणजे त्याच्या डोक्यात होतं की म्हाताऱ्यानं आईला बोलताना बघावं. एकदा बघितलं की नाही म्हणायची त्याची छाती होणार नाही. ताकारी, कराड, मसूर. खिडकीतनं ऊस आणि ऊस. आईचं डोकं त्याच्या खांद्यावर डुलत होतं.

घर साधंच. स्लॅबच्या दोन खोल्या, निळा ऑइलपेंट, दारात तुळस. नाथाजी सत्तरीचे, ताठ. आधी दारातच अडवलं.

"कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाई. 'पाचवा मुक्काम' बंद पडतीया आवं. तुमी बघता का तेवढं इचारायला आलो."

म्हाताऱ्यानं पाठीवरच्या आईकडं बघितलं. मग बाजूला सरकला. "आमी सगळी बघतो. या. बैठो."

आत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. टीव्हीकडं तोंड करून, शाळेसारख्या, तीन-तीनच्या दोन रांगा. घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी नाथाजी मधल्या खुर्चीजवळ गेले आणि सहज म्हणाले, "राजेश्वरी, सरक गं जरा. पाव्हणी हाय, अंगानं अधू हाय." मग ती खुर्ची थोडी ओढून तिथं सातवी लावली. इंद्रजितनं आईला तिच्यात बसवलं. आपल्याला नीट ऐकू आलं नसंल, असं त्यानं धरलं.

पेटी टीव्हीखाली होती. जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यावर बारके दिवे, एक ते सहा, आणि शेवटी एक वेगळा. 'पाहुणे'.

"ह्येच ते," नाथाजी म्हणाले. "घरातल्या दर माणसाचं एक बटण. बघायला बसलं की दाबायचं. उठलं की परत दाबायचं. तवाच त्यास्नी कळतं कोण बघतंय, कोण न्हाई."

"सहा माणसं हाय घरात?"

"हुती. मी, आमची राहीबाई, वीरधवल, त्याची राजेश्वरी, दोन नातवंडं." ते रिमोट पुसत होते. "गाडीत हुती पाचजणं. शिरवळच्या पुढं. मी तेवढा बँकेच्या ड्युटीवर. पेटीच्या हापिसला कळवलं न्हाई. कळवलं की पेटी काढून नेत्यात."

"मग त्यांची बटणं तुमी दाबता?"

नाथाजींनी त्याच्याकडं बघितलं. "मी माझंच दाबतो."

दीडला मिनिटभर कमी होतं. नाथाजींनी एक नंबर दाबला. हिरवा दिवा लागला. त्यांनी रिमोट मांडीवर पालथा ठेवला आणि हात बाजूला घेतले.

मालिकेचं संगीत सुरू झालं.

दोन लागला. मग चार. मग तीन. पाच आणि सहा एकदमच, धावत आल्यासारखे.

इंद्रजित वायरिंगचा माणूस. त्याला पहिल्यांदा आला तो राग. पेटीतच बिघाड. असल्या बिघडलेल्या डबड्यावर चॅनेलवाले आईचं बोलणं बंद करणार. तो उठून पेटीमागं वाकला, वायरी चाचपल्या. सगळं जागच्या जागी घट्ट होतं. पेटी हाताला गार लागली. दुपारचा दीड, वर स्लॅब तापलेला, आणि हाताला गार.

मागं आई बोलायला लागलेली. आज वेगळंच बोलत होती. रखमीशी नाही. एक वाक्य डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला, मधी हसायची. शेजारणी-शेजारणी बसल्यात तशी.

"आता एक राहिलं," इंद्रजित म्हणाला आणि रिमोट उचलला. "पाव्हण्याचं बटण कसं लावायचं?"

"वय इचारतंय. बाई का बापय इचारतंय. घाल आणि दाब." नाथाजींचा आवाज बारीक झाला. "पण एवढं करून काय व्हायचंय?"

"एक माणूस वाढंल. आमचं एक."

आईचा उजवा हात त्याच्या मनगटावर आला. तिनं मान वळवली आणि थेट त्याच्याकडं बघून बोलली. दीड वर्षात पहिल्यांदा, त्याच्याशी.

"इंद्रा. मोजू नगं."

मेंढरं कुणी आकड्यानं मोजत नाही. बाप नुसती नजर फिरवायचा, तोंडावरनं ओळखायचा, आणि कमी असलं तर त्याला कळायचं. आकडा घातला की कळपातनं काहीतरी जातं, असं जुनी माणसं धरून असतात. इंद्रजितनं ते लहानपणापासनं ऐकलेलं आणि त्याला त्याचा वीट आलेला. ह्याच्यापायीच आपण कुठल्या कागदात नाही.

"आज तरी मोजू दे की त्यास्नी, आई," तो ओरडलाच. "एकदा तरी मोजू दे."

बाई. अठ्ठावन्न. त्यानं बटण दाबलं.

पाहुण्याचा दिवा लागला. आईचा हात आपोआप खाली गेला.

दोन वाजले, मालिका संपली. पेटीवरचे घरातल्यांचे दिवे एकेक विझले. बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता, परतीची गाडी चुकली तर स्टेशनातच बसायची वेळ. इंद्रजितनं आईला पाठीवर घेतलं. नाथाजी दारातनं काहीतरी म्हणत होते, हात पेटीकडं करून. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही.

गाडीत त्याच्या लक्षात आलं. आईच्या कपाळावर कुंकू होतं. ओलं. सकाळी निघताना त्यानं लावलं नव्हतं, आणि त्या घरात लावायला बाईमाणूस नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ग्रुप पेटला. मालिकेचं रेटिंग वाढलं. लोकाग्रहास्तव 'पाचवा मुक्काम' सुरूच राहणार. सोनमनं व्हॉइस मेसेज टाकला, ती रडत होती. कुणी आटपाडीत फटाके लावल्याचा व्हिडिओ टाकला. "आरं मोजलं रं आपल्याला," कुणीतरी लिहिलेलं.

इंद्रजितनं काहीच टाकलं नाही. शनिवारपासनं आई बोललेली नव्हती.

दीडला टीव्ही लागायचा. रखमी यायची. आई बघायची, पण खिडकीतल्या पडद्याकडं बघावं तशी. हाताला पकड नाही. पापणी हलायची नाही. घास तोंडात तसाच राहायचा.

त्या गुरुवारी मालिकेत जाहिराती लागल्या आणि आईनं मान वळवली.

"इंद्रा, लवकर सांग काय सांगायचं ते. सुरू व्हईल."

"कुठं असतीस, आई?"

"बसल्या हाय की समद्या. राजेश्वरी चहा टाकायला उठली म्हणून मी आले." तिनं टॉवेलनं त्याचं तोंड पुसलं. "वाळलास रं."

साबणाची जाहिरात, सिमेंटची जाहिरात, मालिकेचं संगीत. आईची पापणी थांबली.

दोन ब्रेक असायचे. तीन-तीन मिनिटांचे. तेवढीच ती असायची.

त्यानं रहिमतपूरला फोन लावला. ओरडला, शिव्या दिल्या. नाथाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"उठताना परत दाबायचं, हे सांगत हुतो मी. तू थांबला न्हाईस."

"मग आता दाबा की."

"रोज दाबतो. पाव्हण्याचं कवाच इझलं." म्हातारा खोकला. "पेटीवर आता सात नंबर आलाय. आधी नव्हता."

फोनात म्हाताऱ्याच्या मागं बायका हसत होत्या. त्यातलं एक हसणं त्यानं जन्मापासनं ऐकलेलं. त्यानं फोन भिंतीवर फेकला. मग तोच उचलून, काच तडकलेल्यावर, ग्रुपवर लिहिलं, 'मालिका बंद पाडा. लिहा चॅनेलला. पाया पडतो.' पाच मिनिटांत त्याला साठ शिव्या आल्या. 'विकला गेला.' 'गद्दार.' सोनमनं ग्रुपमधनं काढलं. त्यानं चॅनेलला फोन लावला. मऊ आवाजाची बाई म्हणाली, "सर, तुमच्या भावना आम्ही नक्की पुढे पोचवू."

आता तो कामालाच जात नाही. दीडला टीव्हीपुढं बसतो आणि ब्रेकची वाट बघतो. बापाची खुशाली सांगतो, पेज भरवतो, तीन मिनिटांत चार घास होतात. आई तेवढेच जेवते.

काल दुसऱ्या ब्रेकला ती हसतच वळली. नवीन लुगडं नेसलेल्या बाईसारखी.

"आता मधी उठायचं न्हाई म्हणं. राहीबाई सांगत हुती."

"म्हंजे?"

ती उत्तर देईपर्यंत टीव्हीवर खालनं पट्टी सरकायला लागली. सोमवारपासून 'पाचवा मुक्काम', आता पूर्ण एक तास, एकही ब्रेक न घेता.

तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. संगीत सुरू व्हायला आलेलं.

"येते म्हण, आई," तो म्हणाला.

"जाते रं," ती म्हणाली.