साठाव्या दिवसाची बोरं

रंगनाथमामांनी तीस वर्षं पाथर्डी-नगर रस्त्यावर जीप चालवली. आमच्या कॉलेजचं शिबिर त्यांच्या गावात होतं. जेवणं झाली, शाळेच्या ओट्यावरची लाईट गेली, तेव्हा ते म्हणाले, "माझ्यासंगं घडलं न्हाई. कानिफनाथासंगं घडलं. आमची जीप भागीत हुती. खोटं बोलायचं त्याला जमतच न्हाई."

१६ फेब्रुवारी २०२४. शुक्रवार, रथसप्तमी. कानिफनाथला भाडं मिळालं होतं: स्वीडनहून आलेली लीना आणि तिच्यासोबत पुण्याची दुभाषी आरती. लीना सव्वीस वर्षांची. चार महिन्यांची असताना आईनं तिला नगरच्या एका संस्थेत दिलं, तिथून ती परदेशात दत्तक गेली. आता तिला आई बघायची होती.

गावात पोचल्यावर कळलं, तिची आई गोजरबाई दोन वर्षांपूर्वीच वारली. भावकीनं चहा दिला. फोटो मात्र एकही निघाला नाही. पावणेनऊला जीप माघारी निघाली. लीना मागच्या सीटवर एकटी, अंगावर शाल. थंडी होती म्हणून काचा बंद.

करंजी घाटाच्या अलीकडे लीनानं काहीतरी विचारलं. आरतीनं मराठीत सांगितलं, "दादा, तुम्ही याच भागातले. ती विचारतेय, आईनं तिला सहज देऊन टाकलं का?"

"मला काय म्हाईत, ताई."

त्याला माहीत होतं.

गोजरबाईचा नवरा पोरीच्या जन्माआधीच गेला. ती एकटी ऊसतोडीला जायची. पोरीच्या काळजाला भोक होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनशिवाय वर्ष निघणार नाही. संस्थेच्या बाई म्हणाल्या, परदेशातले आईबाप ऑपरेशन करतील. कानिफनाथच्याच जीपमधून गोजरबाई कागदावर अंगठा द्यायला गेली. परत येताना अंगठ्याची जांभळी शाई पदराला घासत राहिली. निघाली नाही.

मला राहवलं नाही. "मामा, एका ऑपरेशनपायी आईला लेकरू द्यावं लागतं, ही काय व्यवस्था झाली?"

"व्हय. त्याचा मोर्चा उद्या काढ. आता गप बस."

आईचं मन बदललं, तर साठ दिवसांत लेकरू परत नेता येत होतं. साठाव्या दिवशी रथसप्तमी होती. बोरन्हाणाचा शेवटचा दिवस. तान्ह्या लेकराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओततात, ते बोरन्हाण. गोजरबाई पदरात बोरं घेऊन जीपमध्ये बसली. वाटभर एकेक बोर अंगठ्यानं दाबून बघत होती. टणक निघालं की बाहेर.

"लागंल तिला," म्हणायची.

संस्थेच्या फाटकाशी उतरली. कडीला हात लावला. तासभर तशीच उभी राहिली. मग परत येऊन जीपमध्ये बसली.

"आत जा की, वहिनी."

"तिला हात लावला तर घिऊन यीन. मंग मरंल ती." मग म्हणाली, "मी आलते हे कुनाला सांगू न्हको. तिच्या कानावर गेलं तर जीव हितं अडकंल तिचा. शपथ घे."

कानिफनाथनं घेतली.

घाट सुरू झाला. सप्तमीचं अर्धं चांदणं. जीपच्या छतावर काहीतरी पडलं.

टक.

मग पुन्हा. टक... टक.

त्यानं जीप थांबवली. उतरून बघितलं. छतावर काही नाही. वर झाड नाही. नुसतं आभाळ.

तो परत निघाला. गोजरबाई शपथेची आठवण करून देतेय, असं त्याला वाटलं. त्यानं ओठ आवळले.

आवाज वाढला.

मग आवाज आत आला.

आरतीनं मागं वळून पाहिलं. लगेच पुढं तोंड केलं.

कानिफनाथनं आरशात बघितलं. लीनाच्या शेजारी...

मामा थांबले.

"पदर. पदर धरल्याले दोन हात. बाकी अंधार..."

"आणि लीना?" मी विचारलं.

"डोळं मिटून बसल्याली. मान जरा खाली. न्हाऊ घालताना लेकरू बसतं, तशी."

हात आरशात दिसतच होते.

"आलती," तो म्हणाला. "ताई, तिला सांगा. आलती तिची आई. फाटकापतुर..."

त्यानं सगळं सांगितलं. काळजाचं भोक. बोरं. कडी. शपथ. आरती रडत रडत एकेक वाक्य लीनाला सांगत गेली.

आवाज थांबला.

आरशात लीना एकटी होती.

नगरला हॉटेलसमोर दिव्याखाली ती उतरली, तेव्हा शालीतून बोरं घरंगळली. केसांतही अडकलेली. काचा अजून बंदच. कानिफनाथनं एक बोर उचललं. मऊ. दुसरं उचललं. तेही मऊ. एकही टणक नव्हतं.

"लीनानं एकेक येचून रुमालात बांधलं," मामा म्हणाले. "एक सीटखाली राह्यलं. ते मी सकाळी सोता बघितलं."

"काय होतं त्यात?"

मामांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

"त्याच्यावर अंगठा उठला हुता. जांभळ्या शाईचा..." ते म्हणाले. "वल्ला."